गणेशखिंडीतला लाटसाहेबांचा बंगला

१८६४ साली मुंबईत पैशाला तोटा नव्हता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचत नव्हता आणि विलायती व्यापारी गुजरात, खानदेश, वऱ्हाडचा कापूस मागाल त्या भावाने उचलत होते. या पैशाच्या पुरात मुंबईत रोज नव्या कंपन्या निघत होत्या. समुद्र हटवून जमीन काढायच्या योजनेचे शेअर आज घ्यावेत आणि उद्या दामदुपटीने विकावेत, असा तो काळ होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचे तट पाडून शहर मोकळे करायला घेतले होते. त्याच उत्साहात पुण्याच्या वायव्येला, गणेशखिंडीच्या माळावर, गव्हर्नरसाहेबांसाठी एका नव्या बंगल्याचे काम सुरू झाले. आज आपण ज्या वास्तूला ‘पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत’ म्हणतो, ती हीच.

मुंबईच्या गव्हर्नरचा मुक्काम ऋतूंप्रमाणे हलायचा. हिवाळा मुंबईत, परळच्या जुन्या राजनिवासात. उन्हाळा महाबळेश्वरी. आणि मृग बरसला की साहेब, मडमा, सचिव, शिपाई आणि दफ्तरे असा सगळा लवाजमा पुण्याला. पुण्यात तोपर्यंत त्यांची सोय दापोडीला, मुळेच्या काठी होती. तो बंगला मूळचा कॅप्टन फोर्डचा. हा फोर्ड दुसऱ्या बाजीरावाच्या पगारावर असलेल्या कवायती पलटणींचा सेनापती होता. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी त्याची जागा सरकारासाठी विकत घेतली. एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटाची चढण पार करून रेल्वे मुंबईहून सलग पुण्याला येऊ लागली आणि पावसाळी राजधानी म्हणून पुण्याचे महत्त्व एकदम वाढले. अर्धे सरकार वर्षातले काही महिने इथूनच चालणार असेल, तर नदीकाठचा जुना बंगला अपुरा पडणार हे उघड होते. गणेशखिंडीची जागा उंच, हवेशीर आणि खडकीच्या छावणीला लागून.

पुणेकरांच्या लेखी मात्र या माळाला आणखी एक ओळख होती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची शेवटची मोठी फौज बापू गोखल्यांच्या हाताखाली याच गणेशखिंडीच्या बाजूने खडकीकडे चालून गेली होती. इंग्रजांकडे जेमतेम तीन हजार माणसे, पेशव्यांकडे त्यांच्या कितीतरी पट. तरी दिवस मावळताना बाजी इंग्रजांच्या हाती गेली होती. जरीपटका घेऊन तुटून पडलेले मोरोपंत दीक्षित त्या दिवशी कामी आले. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. आणि दापोडीच्या कॅप्टन फोर्डने, पेशव्यांचा पगार खाल्लेल्या त्या गृहस्थाने, आपल्या पलटणी नेऊन इंग्रजांना मिळवल्या होत्या. सत्तेचाळीस वर्षांनी फोर्डचा बंगला सोडून इंग्रज गव्हर्नर बापू गोखल्यांच्या माळावर राहायला निघाले.

आराखडा जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाचा. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी आइल ऑफ वाइट या बेटावर ऑस्बोर्न हाउस बांधले होते. इटलीतल्या श्रीमंतांच्या ग्रामीण वाड्यांची आठवण देणारे, उंच चौकोनी मनोऱ्यांचे. त्याच घराच्या धर्तीवर गणेशखिंडीची वास्तू उभी राहिली असे सांगितले जाते. दोन्ही इमारतींचे मनोरे पाहिले तर नाते लपत नाही. एरवी दख्खनच्या काळ्या पाषाणातली ही वास्तू अगदी या मातीतली वाटते, पण तिच्या कमानींचे सज्जे, लांबच लांब पसरलेल्या बाजू आणि मधला निशाणाचा मनोरा हे सगळे परदेशी. गंमत अशी की पुढे १८९० च्या सुमारास खुद्द ऑस्बोर्नमध्ये राणीने एक ‘दरबार दालन’ बांधून घेतले, आणि त्याच्या नक्षीकामासाठी लाहोरचे कारागीर भाई राम सिंग यांना बोलावले. इटालियन मनोरा पुण्याच्या माळावर आणि पंजाबी दरबार इंग्लंडच्या बेटावर, असा तो साम्राज्याचा व्यवहार होता.

पण इमारत जोत्यावर येते न येते तोच पैसा आटला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्या वर्षीच्या जुलैत मुंबईचा शेअरबाजार बुडाला. लखपती रस्त्यावर आले. बँक ऑफ बॉम्बे या सरकारी पाठबळाच्या बँकेलाही पुढे टाळे लागले. बंगल्याचे काम मात्र थांबले नाही. १८६७ मध्ये फ्रियर गेले, सेमूर फिट्झजेराल्ड आले, खर्च चढतच राहिला. १८७१ मध्ये इमारत पुरी झाली तेव्हा हिशोब सुमारे पावणेदोन लाख पौंडांवर गेला होता. तेव्हाच्या दराने साडेसतरा लाख रुपयांच्या आसपास. हिंदुस्थानातला एक गव्हर्नर आपल्या पावसाळी मुक्कामासाठी एवढा खर्च कसा करू शकतो, म्हणून विलायतेच्या पार्लमेंटातही टीका झाली. तिथल्या सभासदांना खुपली ती गव्हर्नरची बेशिस्त. हा पैसा ज्या रयतेच्या साऱ्यातून यायचा, तिला विचारायची पद्धत नव्हतीच.

विचारणारा एक माणूस पुण्यात होता. जोतीराव फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीनिमित्त शहर सजवायला हजार रुपये मंजूर करावेत असा प्रस्ताव पालिकेत आला, तेव्हा त्या सभागृहात विरोधी मत देणारे ते एकटेच होते. हा पैसा शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. हजारासाठी भांडणाऱ्या माणसाला गणेशखिंडीतले साडेसतरा लाख काय वाटले असतील, याची कल्पना करायला फारशी बुद्धी लागत नाही.

बंगला चालू झाला आणि पावसाळ्यातल्या पुण्याला ‘सीझन’ आला. घोड्यांच्या शर्यती, नाच, मेजवान्या, बागेतल्या पार्ट्या. दख्खनच्या सरदारांना दरबाराचे बोलावणे यायचे. मानपानाच्या याद्या तयार व्हायच्या, कुणाची बग्गी कुठवर जाईल आणि कुणी कुठून पायी चालायचे हे ठरलेले असायचे. या घराचा इतिहास वाचायचा तर त्याच्या खोल्यांपेक्षा फाटकाकडे पाहावे. कोणाला आत येता येते आणि कोणाला नाही, हे फाटकावर ठरते. पहिली पंचाहत्तर वर्षे उत्तर सोपे होते: निमंत्रणपत्रिका असलेला साहेब, मोजके संस्थानिक, सरदार आणि रावबहादुर आत, चाकरीची माणसे मागच्या दाराने, बाकीचे पुणे बाहेर.

बाहेरचे पुणे स्वस्थ नव्हते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची गावे ओस पडली. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले. त्यांच्या जाहीरनाम्यात सर रिचर्ड टेंपल यांचे, म्हणजे याच घरात पावसाळा काढणाऱ्या गव्हर्नरचे, डोके आणून देणाऱ्याला बक्षीस लावलेले होते. फडके पकडले गेले. पण गव्हर्नरच्या डोक्याला किंमत लावता येते, ही कल्पना शहरात राहून गेली.

मग १८९७ साल उजाडले. प्लेग मुंबईहून पुण्यात आला. फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा करून घेतला आणि मार्चमध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती पुण्याची प्लेग समिती दिली. रोगी शोधण्यासाठी गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घराघरात शिरू लागल्या. देवघरे, माजघरे, बाळंतिणीच्या खोल्या, काही सुटले नाही. संशयितांना छावण्यांत हलवले, सामान बाहेर काढून जाळले. ‘केसरी’ने आणि इतर पत्रांनी कडाडून लिहिले. साथीवर उपाय हवा होता याबद्दल टिळकांसकट बहुतेक शहाण्यांचे दुमत नव्हते. राग होता तो बुटांसकट घरात घुसण्याच्या रीतीवर.

त्याच सुमारास शहराच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरजवळच्या माळावर, डॉ. यशवंत फुल्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. त्यांची आई सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करत होती. मुंढव्याच्या एका महार कुटुंबातले आजारी पोर तिने स्वतःच्या पाठीवर उचलून दवाखान्यात आणले असे सांगतात. त्यातच तिला लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. सरकारी रुग्णालयांच्या आणि सोल्जरांच्या गदारोळात या मृत्यूची फारशी दखल घेतली गेली नाही.

तीन महिन्यांनी, २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून सारे साम्राज्य उत्सव करत होते. गणेशखिंडीच्या बंगल्यावर गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी समारंभ ठेवला होता. रोषणाई, बँड, पाहुण्यांच्या बग्ग्यांची रांग. फाटकाबाहेर अंधारात चिंचवडचे चापेकर बंधू उभे होते. मध्यरात्रीच्या सुमारास रँडची गाडी बाहेर पडली. दामोदर हरी चापेकर तिच्यामागे धावत निघाले. वाटेतल्या पिवळ्या बंगल्याजवळ इशारा झाला. ‘गोंद्या’ हा त्यांनी ठरवलेला परवलीचा शब्द पुढे महाराष्ट्रभर लोकांच्या तोंडी झाला. दामोदरांनी गाडीवर चढून रँडवर गोळी झाडली. मागच्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट पत्नीसह बसले होते. बाळकृष्ण चापेकरांनी त्यांच्यावर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन अठरा महिन्यांची शिक्षा झाली, नातू बंधू खटल्याविना डांबले गेले. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंचा सूड चापेकरांचा धाकटा भाऊ वासुदेव आणि महादेव रानडे यांनी घेतला. १८९८ आणि १८९९ या दोन वर्षांत तिघे चापेकर आणि रानडे येरवड्याला फासावर गेले. १९७९ मध्ये नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी या रात्रीवर मराठी चित्रपट केला, तेव्हा त्यांना नाव म्हणून नुसती तारीख पुरली. गणेशखिंडीच्या बंगल्यावर त्या रात्री ओरखडाही उमटला नाही. पण त्यानंतर त्याच्या फाटकाकडे बघणारा पुणेकर फक्त बग्ग्या मोजत नसे.

प्लेगने मुंबईतल्या जुन्या राजनिवासाचेही नशीब बदलले. परळचा बंगला गव्हर्नरपत्नी लेडी फर्ग्युसन तिथे पटकीने दगावल्यानंतर गव्हर्नरांनी सोडला आणि ते मलबार हिलच्या टोकाला राहायला गेले. रिकाम्या परळमध्ये प्लेगचे रुग्णालय उभे राहिले, आणि १८९९ मध्ये प्लेगची लस शोधणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे आली. आज तीच हाफकिन संस्था. विलायतेतही तसेच. १९०१ च्या जानेवारीत राणी ऑस्बोर्नमध्येच वारली आणि तिच्या मुलाने ते घर स्वतःला न ठेवता देशाला देऊन टाकले. आजारी अधिकाऱ्यांची विश्रामशाळा, नौदलाचे विद्यालय अशी कामे तिथे चालली. अशी प्रचंड घरे एका कुटुंबाच्या कधी कामाची नसतातच. त्यांना शेवटी कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या स्वाधीन व्हावे लागते.

गणेशखिंडीचे हे होणे आणखी पन्नास वर्षे लांबले. दरम्यान राज्य बदलत होते. १९२१ मध्ये द्विदल राज्यपद्धतीत फर्ग्युसनचे माजी प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे मुंबई सरकारात शिक्षणमंत्री झाले. या प्रांतात फाटकातून मंत्री म्हणून आत जाणाऱ्या पहिल्या हिंदी माणसांपैकी ते एक. १९३० मध्ये, गांधीजी येरवड्यात कैदेत असताना, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर आणि सर तेजबहादूर सप्रू सरकार आणि काँग्रेस यांच्यात मध्यस्थी करत होते. २२ जुलै १९३१ रोजी हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन फर्ग्युसन कॉलेजच्या वाडिया ग्रंथालयात आले असता वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन थोडक्यात बचावले. यातले परांजपे आणि जयकर पुढे याच बंगल्यात बसणार होते, हे तेव्हा कुणाला सांगितले असते तर हसले असते.

पुण्याला स्वतःचे विद्यापीठ हवे ही मागणी जुनी होती. फर्ग्युसन, स. प., डेक्कन अशी नामांकित महाविद्यालये इथे, पण परीक्षा मुंबईची. १९४८ मध्ये कायदा झाला आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. विद्यापीठाला जागा नव्हती. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेला महाभारताच्या कामासाठी मदत करणाऱ्या निजामाच्या देणगीतून उभे राहिलेले ‘निजाम गेस्ट हाउस’ तात्पुरते मिळाले. बारा जिल्ह्यांचे, अठरा महाविद्यालयांचे विद्यापीठ एका पाहुणेघरात!

तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते आणि शिक्षणखातेही त्यांच्याकडेच होते. कायदेभंगात आणि ‘चले जाव’मध्ये तुरुंग पाहिलेला हा माणूस. शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर सर जॉन कोल्व्हिल जानेवारी १९४८ मध्ये गेले होते आणि राजा महाराज सिंग पहिले हिंदी गव्हर्नर झाले होते. नव्या राज्यपालांनी साहेबांची सगळी घरे तशीच वापरायची का, हा प्रश्न समोर होताच. खेरांनी गणेशखिंडीपुरते उत्तर दिले. १ जून १९४९ पासून विद्यापीठ गव्हर्नरच्या बंगल्यात आले, आणि पाठोपाठ चारशे अकरा एकरांचा परिसर विद्यापीठाच्या नावे झाला. राज्यपालांसाठी शेजारीच आटोपशीर राजभवन राहिले. महाराष्ट्रात गेल्या शंभर वर्षांत सरकारी जागांचे जे वाटप झाले, त्यात यापेक्षा शहाणा निर्णय शोधावा लागेल.

त्या घरात आता पुण्याच्या बौद्धिक इतिहासाची एक रांगच येऊन गेली. जयकरांनंतर रँग्लर परांजपे कुलगुरू झाले. ज्या सरकारात ते एकेकाळी गव्हर्नरांचे मंत्री होते, त्याच्याच घरात आता यजमान. मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार, मराठ्यांच्या इतिहासात आयुष्य घालवलेले, बापू गोखल्यांच्या माळावर विद्यापीठ चालवायला आले. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आले. सभागृहांना ज्ञानेश्वरांचे आणि शिवाजी महाराजांचे नाव लागले. जिथे नाचाची पावले पडत, तिथे अधिसभेचे सदस्य अर्थसंकल्पावर तासन् तास वाद घालू लागले. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ निघाले, १९९० मध्ये जळगाव-धुळे वेगळे झाले. जिल्हे कमी झाले तरी विद्यार्थी वाढतच राहिले. आवारात १९८८ च्या सुमारास जयंत नारळीकरांनी ‘आयुका’ उभारली. तिची वास्तू चार्ल्स कोरियांची. ‘सी-डॅक’ही इथलेच, आणि ‘परम’ हा महासंगणक त्यांचा. घर तेच, पण भोवती एक आख्खे गाव वसले.

मात्र इमारतीच्या स्वभावात काही गोष्टी टिकून राहतात. मोठे पोर्च, लांब व्हरांडे आणि शिपाई दाराशी बसलेला दिवाणखाना यांतून सत्ता चालवायची सवय लागते, मग ती गव्हर्नरची असो वा कुलगुरूंची. मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांची उपोषणे आणि मोर्चे वारंवार झाले आहेत. निकाल लांबला, शुल्क वाढले, वसतिगृहात जागा नाही, शिष्यवृत्ती अडकली, अशी कारणे बदलत राहतात. पण गाऱ्हाणे घेऊन येणारा आणि सज्ज्यावरून खाली बघणारा, ही मांडणी ट्रबशॉनेच करून ठेवलेली आहे.

दुसरी गोष्ट याहून मार्मिक. राज्यपाल हे विद्यापीठाचे पदसिद्ध कुलपती. म्हणजे ज्या पदासाठी हे घर बांधले, ते पद घर सोडून गेले तरी त्याच्या दाराशी संबंध ठेवून आहे. कुलगुरूंची निवड आजही त्याच्या सहीवर अडते. या अधिकाराबद्दलचे वाद अधूनमधून विधिमंडळापर्यंत जातात. त्यामुळे साहेबांचे राज्य संपले म्हणून घर एका दिवसात लोकांचे झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

तरीही काही पालटले, आणि ते खोलवर पालटले. ऑगस्ट २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्यासाठी अनेक वर्षे मागण्या आणि आंदोलने झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा राहिला. आता १८९७ ची ती दोन मरणे, रँडचे आणि सावित्रीबाईंचे, शेजारी ठेवून पाहा. एकाला रोगाशी लढायचे होते सोल्जर घेऊन, वरून, हुकमाने. दुसरीने तोच रोग पाठीवर घेतला. पहिल्याला या घराने पाहुणा म्हणून बोलावले. दुसरीला या फाटकातून आत यायचे कारणच नव्हते. आणि तिने तशी इच्छा धरल्याचेही दिसत नाही. तिचे काम भिडेवाड्यात, वस्त्यांत आणि हडपसरच्या माळावर होते.

पाटीवर नाव बदलणे सोपे असते, आणि पुष्कळ ठिकाणी ते तेवढ्यावरच थांबते. इथे मात्र नावाला साजेशी माणसे आधीच आत येऊन बसली होती. नगरच्या दुष्काळी तालुक्यातल्या, नाशिकच्या आदिवासी पाड्यांतल्या ज्या मुली आज या विद्यापीठाची पदवी घेतात, त्यांतल्या अनेकींच्या घरी पदवीधर बाई आधी झालेली नसते. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले ते या मुलींनी आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी कमावले म्हणून. बार्टल फ्रियरच्या हिशोबवहीतले साडेसतरा लाख रयतेच्या पैशातले होते. त्या पैशाची फेड आता, हळूहळू आणि अपुरी का होईना, रयतेच्या मुलींच्या पदव्यांतून होते आहे. शुल्क परवडले, वसतिगृह मिळाले आणि निकाल वेळेवर लागला, तर पुढेही होत राहील.